फेब्रुवारीचा पगार

(वाशीम येथे एका वासंतिक व्याख्यानमालेत एप्रिल 2025 मध्ये दिलेले व्याख्यान. सभागृहातील प्रतिसादासह शब्दांकन.)



पत्रिकेवर माझा विषय ‘कर्मचाऱ्यांच्या ऐच्छिक सवलती आणि मालकाची करविषयक जबाबदारी’ असा छापला आहे. काल याच व्यासपीठावरून तुम्ही वत्सगुल्माच्या वाकाटकांवर ऐकलंत. आज आयकराचा विषय असूनही सभागृह भरलं आहे, याचा अर्थ हा विषय तुमच्या घरापर्यंत पोचलेला आहे. समोर मुख्याध्यापक आहेत, पतसंस्थांचे व्यवस्थापक आहेत, जिनिंगवाले, दालमिलवाले, दवाखाने चालवणारे डॉक्टर आहेत. मागच्या रांगांत शाळांचे आणि संस्थांचे लिपिक बसले आहेत. मी मुख्यतः त्या मागच्या रांगांशी बोलणार आहे, कारण या देशाचा पगारावरचा आयकर प्रत्यक्षात ते गोळा करतात.

टीडीएस म्हणजे काय, टॅन कशाला लागतो, 24क्यू केव्हा भरायचा, हे तुम्हाला मी सांगावं असं काही नाही. ते सोडून देते. मी एकच आग्रह घेऊन आले आहे आणि तो आधीच मांडते. कर्मचाऱ्याची निवड एप्रिलमध्ये लेखी घ्या आणि त्याचा कर बारा महिन्यांत सारखा कापा. वर्षभराचा कर फेब्रुवारीच्या एकाच पगारातून काढायची आपल्याकडची पद्धत बंद करा.

(मागून : ‘मॅडम, पगारच टायमावर होत नाही, त कर कायचा कापता?’ हशा, टाळ्या.)

बरोबर आहे. अनुदान उशिरा येतं, बिलं कोषागारात अडकतात, हे मी जवळून पाहते. पण पगारावरचा कर पगार हातात देताना कापायचा असतो. जूनचा पगार ऑगस्टमध्ये झाला तर कर ऑगस्टमध्ये कापा. कायद्याची त्याला हरकत नाही. एप्रिल ते जानेवारी एक रुपया न कापता फेब्रुवारीत सगळं वसूल करायचं, याला मात्र उशिरा येणारं अनुदान हे कारण होत नाही. कलम 192 सांगतं की वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावर कर काढा आणि सरासरी दराने प्रत्येक पगारातून कापा. मध्येच कमीजास्त झालं तर त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाने पुढच्या महिन्यांत जुळवून घेता येतं. ती मुभा चूक दुरुस्त करण्यासाठी आहे. दहा महिने गप्प बसण्यासाठी ती दिलेली नाही.

आता ऐच्छिक सवलती. हिंजवडीतल्या कंपन्यांत याला फ्लेक्सी बेनिफिट म्हणतात. वर्षाची एकूण रक्कम ठरलेली असते. त्यातला काही भाग जेवणाच्या कुपनांत घ्यायचा, काही फोनच्या बिलात, काही प्रवासात, काही एनपीएसमध्ये, हे कर्मचारी ठरवतो. अमेरिकेत ही कल्पना 1978 च्या कायद्याने करसंहितेत आली, तिथल्या कलम 125 मध्ये. तिला कॅफेटेरिया प्लॅन म्हणतात. माझी भाची न्यू जर्सीत असते. पुढच्या वर्षी काय हवं ते ती आदल्या वर्षाच्या शेवटीच भरून देते. तिथला नियम कडक आहे. योजना लेखी हवी आणि निवड वर्ष सुरू होण्याआधी हवी. लग्न झालं, मूल झालं, नोकरी बदलली असं काही घडल्याशिवाय मध्येच निवड बदलता येत नाही. मालकाने हे पाळलं नाही तर योजनेची करसवलतच धोक्यात येते. त्या देशाचं सगळंच आपण घ्यावं असं मी म्हणत नाही. आधी निवड आणि मग खर्च, हा क्रम मात्र घेण्यासारखा आहे.

आपल्याकडे क्रम उलटा आहे. खर्च वर्षभर होतो, निवड जानेवारीत आठवते आणि पावत्या फेब्रुवारीत शोधल्या जातात.

‘आमच्याकडे कसली आली फ्लेक्सी योजना?’ असं तुम्ही म्हणाल. आहे. सर्वांत मोठी ऐच्छिक निवड आज प्रत्येक पगारदारापुढे आहे : जुनी करपद्धत की नवी. 2023-24 पासून नवी पद्धत आपोआप लागू होते. प्रत्यक्ष कर मंडळाचं 5 एप्रिल 2023 चं चौथ्या क्रमांकाचं परिपत्रक सांगतं की मालकाने प्रत्येक कर्मचाऱ्याला विचारायचं; त्याने काही कळवलं नाही तर नवी पद्धत धरून कर कापायचा. विवरणपत्र भरताना तो पगारदार आपली निवड बदलू शकतो, धंद्याचं उत्पन्न नसेल तर. पण विचारण्याचं काम मालकाचं आहे. या सभागृहातल्या किती संस्थांनी या महिन्यात ते पत्र काढलं? हात वर करा.

(काही हात. शांतता.)

ज्यांनी हात वर केले त्यांचं मनापासून अभिनंदन. बाकीच्यांकडे अजून वेळ आहे.

आता पुण्याहून आणलेल्या पगारपत्रकांबद्दल. आपल्याकडच्या काही खासगी संस्था मोठ्या कंपनीचा नमुना आणतात आणि नावं तशीच ठेवतात. आजही मला पत्रकांवर ‘वैद्यकीय प्रतिपूर्ती 15,000’ आणि ‘वाहन भत्ता दरमहा 1,600, करमुक्त’ असं दिसतं. या दोन्ही सवलती 2018 च्या अर्थसंकल्पाने काढल्या आणि त्यांच्या जागी 40,000 ची प्रमाणित वजावट आणली. ती पुढे 50,000 झाली आणि नव्या पद्धतीत 2024-25 पासून 75,000 आहे. सवलत जाऊन सात वर्षं झाली तरी ओळ पत्रकावर उभी आहे आणि लिपिक ती प्रामाणिकपणे उत्पन्नातून वजा करतो आहे! मुलांचा शिक्षण भत्ता दरमहा प्रत्येक मुलामागे 100 रुपयेच करमुक्त आहे, तोही दोन मुलांपुरता आणि जुन्या पद्धतीत. जेवणाचं कुपन एका जेवणाला 50 रुपयांपर्यंत. या रकमांसाठी मूळ पगार कमी दाखवून भत्त्यांच्या दहा ओळी करू नका. तसं केल्यावर भविष्य निर्वाह निधीत अडकाल. 28 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या विवेकानंद विद्यामंदिराच्या खटल्यात सांगितलं की सगळ्यांना सरसकट दिला जाणारा भत्ता हा निधीसाठी मूळ वेतनाचाच भाग आहे. तो खटला एका शाळेचा होता, हे इथल्या संस्थाचालकांनी ध्यानात ठेवावं.

आता एक खटला सविस्तर सांगते, कारण मालकाची जबाबदारी नेमकी कुठवर जाते ते त्यात दिसतं. सुरुवात मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोपासून. कर्मचाऱ्यांना दिलेला प्रवास भत्ता त्यांनी खरोखर प्रवासावर खर्च केला की नाही, याच्या पावत्या कंपनीने का घेतल्या नाहीत, असं आयकर खात्याचं म्हणणं होतं. जानेवारी 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पुरावे गोळा करायची सक्ती करणारी तरतूद मालकावर नाही, असं ठरलं. देशभरच्या मालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सरकारने मग ती तरतूदच आणली. 2015 च्या वित्त कायद्याने कलम 192 मध्ये पोटकलम 2डी घातलं आणि 1 जून 2016 पासून 12बीबी हा नमुना आला. घरभाडं, रजा प्रवास, गृहकर्जाचं व्याज, 80सी सारख्या वजावटी, सगळ्यांचा पुरावा कर्मचाऱ्याने द्यायचा आणि मालकाने घ्यायचा.

पुढे स्टेट बँकेचं प्रकरण. रजा प्रवास सवलत भारतातल्या भारतात, जवळच्या मार्गाच्या भाड्यापुरती असते. बँकेच्या काही कर्मचाऱ्यांनी काय केलं? एकाचा मार्ग असा होता : दिल्लीहून मदुराई, तिथून कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर, पुन्हा कोलंबो आणि दिल्ली.

(हशा. एक आवाज : ‘मदुराई त भारतातच हाय ना!’)

बँकेचा युक्तिवाद जवळपास हाच होता! आम्ही भाडं भारतातल्या अंतरापुरतंच दिलं, मग कर कशाला कापायचा? 4 नोव्हेंबर 2022 ला सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने तो फेटाळला. परदेशातून वळसा घालून केलेला प्रवास या सवलतीत बसत नाही, कर्मचाऱ्यांनी प्रवासाचा तपशील दिलेला होता, म्हणजे बँकेला तो माहीत होता, आणि माहीत असून कर कापला नाही, म्हणून कसूरदार बँक ठरली. सिंगापूरला फिरून आलेला कर्मचारी बाजूला राहिला आणि कसूर पगार देणाऱ्याच्या नावावर लागली. तुमच्या फाइलमध्ये कागद आला की तो तुम्ही वाचला आहे असंच धरलं जातं. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात चाळीस फाइली एका दमात तपासणं धोक्याचं आहे. तेच कागद वर्षभर येत राहिले तर लिपिकाला ते वाचायला उसंत मिळते.

आता घरभाड्याकडे येते.

(सभागृहात कुजबुज.)

नियम तुम्हाला पाठ आहे : मिळालेला भत्ता, भाड्यातून पगाराचे 10 टक्के वजा करून उरलेली रक्कम, आणि पगाराचे 40 टक्के, यांत सर्वांत कमी ती करमुक्त. 50 टक्के फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला, पुण्यालासुद्धा नाही. स्वतःच्या घरात राहत असाल तर सवलत नाही. आणि नव्या करपद्धतीत ही सवलतच नाही. अडचण वेगळीच आहे. एका कागदावर शिक्षक मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी राहतो असं लिहिलेलं असतं, सोबत ग्रामसभेचा ठराव असतो. त्याच फाइलमध्ये 12बीबीला वाशीमच्या घराची भाडेपावती असते. सही एकाच माणसाची.

(एक गृहस्थ उभे राहतात : ‘मॅडम, गावात घरच भेटत नाही, त मास्तरनं राहावं कोठी? अन् सगळेच तसं करत नाहीत.’ टाळ्या.)

बसा सर, तुमचं म्हणणं रास्त आहे. मी शिक्षकांवर ठपका ठेवायला आलेली नाही. मुख्यालयाचा प्रश्न 2022 मध्ये विधिमंडळात गाजला आणि सगळे शिक्षक दुखावले गेले, ते मला माहीत आहे. मुख्यालयाची अट सेवानियमांची आहे, तिचा निवाडा शासनाने करावा. आयकराला मुख्यालयाशी देणंघेणं नाही. तुम्ही खरंच भाड्याने राहता का आणि भाडं खरंच दिलं का, एवढंच तो कायदा विचारतो. वाशीममध्ये भाड्याने राहून भाडं देत असाल तर सवलत तुमची आहे, ती सोडू नका. भाडं बँकेतून द्या. घर आईच्या नावावर असेल, तुम्ही तिला खरोखर भाडं देत असाल आणि ती ते आपल्या उत्पन्नात दाखवत असेल, तर तेही चालतं. वर्षाला एक लाखावर भाडं असेल तर घरमालकाचा पॅन लागतो. माझं सांगणं मुख्याध्यापकांना आहे : एका फाइलमध्ये परस्परविरोधी दोन कागद ठेवून त्यावर सही करू नका. तुमच्या सहीला स्टेट बँकेपेक्षा जास्त संरक्षण नाही.

फेब्रुवारीकडे पुन्हा येते, कारण माझा जीव तिथेच गुंतला आहे. कनिष्ठ महाविद्यालयातल्या एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाचा हिशेब करू. 2025-26 साठी वर्षाचा पगार 14,75,000. प्रमाणित वजावट 75,000. उरले 14 लाख. नव्या पद्धतीत पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चारांवर 20,000, त्यापुढच्या चारांवर 40,000, वरच्या दोन लाखांवर 30,000. एकूण 90,000, त्यावर 4 टक्के उपकर 3,600. झाले 93,600. बाराने भागा : 7,800. दरमहा 7,800 कापले तर घर चालतं. फेब्रुवारीत 93,600 कापले तर सुमारे 1,23,000 च्या पगारातून भविष्य निधी, पतसंस्थेचा हप्ता, विमा जाऊन हातात काय राहतं? जिल्ह्यातल्या एका संस्थेत मी असे शिक्षक पाहिले आहेत जे मार्चमध्ये पतसंस्थेकडून आकस्मिक कर्ज घेतात आणि त्यातून घरकर्जाचा हप्ता भरतात. सरकारला देण्याच्या करासाठी माणूस कर्ज काढतो, व्याज भरतो, आणि मे-जूनमध्ये पेरणीला गावाकडे पैसे पाठवायची वेळ आली की पुन्हा हात आखडतो. हे टाळणं एका लिपिकाच्या आणि एका मुख्याध्यापकाच्या हातात आहे. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

फेब्रुवारीचा आणखी एक भार आहे, आणि त्याचा इतिहास सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. व्यवसाय कर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300. असं का? राज्यघटनेच्या अनुच्छेद 276 ने या कराला वर्षाला 2,500 ची कमाल मर्यादा घातली आहे. आधी ती 250 होती, 1988 च्या साठाव्या घटनादुरुस्तीने 2,500 झाली. अकरा महिन्यांचे 2,200 आणि फेब्रुवारीचे 300, मिळून 2,500. पण महाराष्ट्राने हा कर 1975 मध्ये आणला तो कशासाठी? रोजगार हमीसाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला हा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळाने तो राज्यभर नेला. 1977 मध्ये कायदा झाला : मागेल त्याला काम, आणि काम देता आलं नाही तर भत्ता. पैसा कुठून आणायचा? शहरातल्या आणि कचेरीतल्या पगारदाराकडून. त्याच्या पगारातून थोडं कापायचं, तितकीच भर राज्याने घालायची, आणि त्यातून खेड्यातल्या माणसाच्या हाताला काम द्यायचं. इथे पाझर तलावांवर, नालाबंडिंगवर, रस्त्याच्या खडीवर ज्यांच्या आईवडिलांनी काम केलं असे लोक या सभागृहात बसलेले असतील.

(काही जण मान डोलावतात. एक ज्येष्ठ : ‘हो, मी केलं.’ टाळ्या.)

धन्यवाद काका. ज्या माणसाने त्या पैशावर दगड फोडले, त्याचा मुलगा आज शिक्षक आहे आणि त्याच्या पगारातून तेच 200 रुपये कापले जातात. केंद्राने 2005 मध्ये देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याच्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. पगारपत्रकावरच्या एका ओळीत एवढं आहे. लिपिकाने ही ओळ कर्मचाऱ्याला एकदा समजावून सांगितली तर कपातीबद्दलचा राग निम्मा होईल, असा माझा अनुभव आहे. जाता जाता मालकांसाठी : 1 एप्रिल 2023 पासून दरमहा 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिला कर्मचाऱ्यांना हा कर नाही. तरीही काही ठिकाणी तो कापला जातो. उद्या तपासा.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी येते.)

दहाच मिनिटं उरली आहेत असं अध्यक्ष कळवतात. मग उरलेलं भरभर सांगते, आणि ज्यांना लिहून घ्यायचं आहे त्यांनी घ्या.

एनपीएस. शासनाचं किंवा संस्थेचं अंशदान आधी कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात मिळवायचं आणि मग कलम 80सीसीडी(2) खाली वजा करायचं. काही ठिकाणी ते मिळवतच नाहीत, नुसतं वजा करतात. हिशेब चुकतो आणि नोटीस येते. नव्या पद्धतीत टिकलेली ही मोठी सवलत आहे : मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 14 टक्क्यांपर्यंत, आणि 2024-25 पासून खासगी मालकांनाही. दवाखाने, जिनिंग, पतसंस्था, तुम्हाला आपल्या लोकांसाठी खरी ऐच्छिक सवलत द्यायची असेल तर दहा नकली भत्त्यांऐवजी ही एक द्या.

थकबाकी. महागाई भत्त्याचा फरक किंवा जुन्या वर्षांची थकबाकी आली तर कलम 89 चा दिलासा आणि त्यासाठी 10ई हा नमुना. तो विवरणपत्राच्या आधी भरावा लागतो.

बारा लाखांची सीमा. वजावटीनंतर उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर या वर्षी कर नाही, म्हणजे पगारदाराला 12,75,000 पर्यंत. थकबाकीमुळे पगार 12,85,000 झाला तर लोक घाबरतात. घाबरू नका. सीमेच्या वर जितकं उत्पन्न, त्याहून जास्त कर नाही. इथे 61,500 नव्हे, 10,000 आणि त्यावर उपकर. हा दिलासा धरून हिशेब करा.

दंड. 24क्यू उशिरा भरला तर दिवसाला 200 रुपये. कर कापून भरला नाही तर महिन्याला दीड टक्का व्याज, आणि फौजदारीचीही तरतूद आहे.

(एक लिपिक उभे राहतात : ‘मॅडम, एप्रिलपासून कापला अन् मंग कर्मचाऱ्यानं मार्चमध्ये पीपीएफ भरला त? तो आमच्यावर चिडते!’)

सगळ्या सभेत हा प्रश्न मला हवा होता. एप्रिलमध्ये त्याला लेखी विचारा की जुनी पद्धत निवडणार का, पीपीएफमध्ये किती भरणार. तो म्हणेल दीड लाख. ते धरून कापा. डिसेंबरपर्यंत त्याने भरलं नाही तर उरलेल्या तीन महिन्यांत वाढवा. जास्त कापलं गेलं तर कमी करा, नाहीतर विवरणपत्रात परतावा आहे. चिडणारा माणूस एप्रिलमध्ये तुमच्यापुढे बसलेला असेल, त्याच्या हातात पेन असेल आणि निवड त्याची असेल. फेब्रुवारीत तो चिडतो तेव्हा निवड संपलेली असते.

नवं आयकर विधेयक फेब्रुवारीत लोकसभेत मांडलं आहे. कलमांचे आकडे बदलतील, भाषा सोपी होईल असं म्हणतात. त्याच्यासाठी थांबू नका. हे वर्ष जुन्याच कायद्याने चालणार आहे.

अध्यक्ष उभे राहिले आहेत, म्हणून शेवटचं सांगते. या महिन्याची पगारबिलं अजून निघायची आहेत. सोमवारी कचेरी उघडली की प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हातात एका पानाचं पत्र द्या : जुनी पद्धत की नवी, घरभाडं किती, गुंतवणूक किती, घरकर्ज किती, खाली तारीख आणि सही. ते पान फाइलला लावा आणि एप्रिलच्या पगारातूनच पहिला बारावा हिस्सा कापा. हिशेबात कुठे अडलात तर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी माझ्या कचेरीत या. लिपिकांसाठी मी तो वेळ राखून ठेवला आहे आणि त्याची फी नाही.